बी नसलेल्या फळाची वंशावळ

'संकर' हा शब्द मराठीत कधीच निरागस नव्हता. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला ज्या गोष्टींचे भय वाटते त्यांत वर्णसंकर आहे. तेव्हापासून हा शब्द भ्रष्टतेचा वास घेऊनच वावरत आला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण आले. त्यानंतर शेतीखात्याने 'संकरित' या विशेषणाला प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न केला, पण गावाने 'हायब्रीड' हा इंग्रजी शब्द उचलला आणि बेचव भाकरीपासून उनाड पोरापर्यंत सगळ्यांना तो लावून टाकला. पुढे होमी भाभांच्या लेखनामुळे हाच शब्द 'हायब्रिडिटी' या सन्माननीय रूपात आपल्या समीक्षेत परतला. हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या जीवशास्त्रातून आणि वंशवादातून आलेला आहे, याची आठवण रॉबर्ट यंग यांनी १९९५च्या पुस्तकात करून दिली होती. तरीही संकराची चर्चा करताना आपण वनस्पतींकडे फारसे वळत नाही. रूपक जिथून आले तिथे परत जाऊन पाहण्याची सवय समीक्षेला नाही, हे आपले जुनेच दुखणे आहे.

प्रस्तुत लेख केळीविषयी आहे. नेमके सांगायचे तर, नॉर्मन विलिसन सिमंड्स (१९२२-२००२) या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या सहकाऱ्यांनी त्रिनिदादमध्ये केळीच्या कुळाचा जो शोध घेतला त्याविषयी. त्या शोधाचा हेतू अगदी व्यापारी होता आणि तो हेतू साधलाही नाही. हाती मात्र भलतेच काही लागले.

आरंभ एका रोगापासून करायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य अमेरिकेतून आणि कॅरिबियन बेटांवरून अमेरिका-युरोपात जी केळी जात ती जवळजवळ एकाच जातीची होती : ग्रो मिशेल. मोठा घड, जाड साल, प्रवासात न दबणारे फळ. हे झाड बियांपासून होत नाही. आपल्याकडे ज्यांना मुनवे म्हणतात ते बुडाजवळचे कोंब काढून दुसरीकडे लावायचे, एवढाच त्याचा वंशविस्तार. त्यामुळे हजारो एकरांवरची लागवड म्हणजे एकाच झाडाच्या असंख्य प्रती. या प्रतींना जमिनीतल्या एका बुरशीने गाठले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ जोसेफ बँक्रॉफ्ट यांनी १८७६ मध्ये अशा मर रोगाचे वर्णन केले होते. १९१० मध्ये अमेरिकी रोगशास्त्रज्ञ अर्विन स्मिथ यांनी क्यूबाहून आलेल्या नमुन्यातून बुरशी वेगळी केली आणि तिला 'क्यूबेन्स' हे नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र 'पनामा रोग' हेच नाव बसले. ही बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते. पाने कडेपासून पिवळी पडून खोडाभोवती लोंबू लागतात आणि खोड बुडाशी उभे चिरते. फवारणीचा उपयोग नाही, कारण शत्रू आत आहे. झाड उपटून जाळले तरी तिचे जाड कवचाचे बीजाणू मातीत दशकानुदशके पडून राहतात. एकदा नासलेली जमीन त्या जातीला कायमची परकी झाली, असे समजायचे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या प्रदेशाचा आणि या काळाचा परिचय आहे, फक्त वेगळ्या दाराने. 'बनाना रिपब्लिक' ही शब्दयोजना ओ. हेन्रीच्या १९०४च्या 'कॅबेजेस अँड किंग्ज'मधली. कोस्टारिकाच्या कार्लोस लुईस फायास यांची 'मामिता युनाय' (१९४१), ग्वातेमालाच्या आस्तुरियास यांचे कादंबरीत्रय (१९५० ते १९६०), नेरुदांची युनायटेड फ्रूट कंपनीवरची कविता, आणि अर्थातच गार्सिया मार्केसची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' (१९६७). कोलंबियातील सिएनागा येथे ६ डिसेंबर १९२८ रोजी संपकरी केळीकामगारांवर लष्कराने केलेला गोळीबार या कादंबरीमुळे जगाच्या स्मरणात राहिला. अभ्यासक्रमात असल्याने ती आपण शिकवतोही. तिथे कंपनी आहे, रेल्वे आहे, वर्षानुवर्षांचा पाऊस आहे. बुरशी नाही.

ही उणीव दाखवून कादंबरीला कमी लेखण्याचा उद्देश नाही. पण इतिहास समजून घ्यायचा तर बुरशी आणि कंपनी यांचे नाते पाहावेच लागते. मळा नासला की कंपनी तो टाकून देई, पुढचे जंगल तोडून नवा मळा लावी आणि रूळही तिकडे नेई. रोगावर औषध नव्हते आणि औषधाच्या जागी होती ती जमीन. ग्वातेमालात १९५२ मध्ये जमीन सुधारणा कायदा झाला आणि युनायटेड फ्रूटच्या पडीक जमिनी सरकारने घ्यायला सुरुवात केली. तेव्हा या जमिनी रोगाच्या भयाने राखीव ठेवल्या आहेत, हा कंपनीचा एक युक्तिवाद होता. १९५४ मध्ये ते सरकार अमेरिकेच्या गुप्त मदतीने उलथवले गेले. बुरशीने सत्तांतर घडवले असे म्हणणे बाष्कळपणाचे होईल. एवढेच म्हणता येईल की कंपनीच्या जमिनीच्या भुकेमागे नफ्याबरोबर एक वनस्पतिरोगही उभा होता, आणि त्या काळातली राजकीय भाषा ऐकताना तो विसरू नये.

ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधल्या वसाहतींना टाकून पुढे जायला जंगल नव्हते. जमैका, त्रिनिदाद ही लहान बेटे. म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला : रोगाला न बळी पडणारा ग्रो मिशेल 'निर्माण' करायचा. त्रिनिदादमध्ये सेंट ऑगस्टीन येथे नुकत्याच स्थापन झालेल्या कृषी महाविद्यालयात १९२२च्या सुमारास केळीच्या पैदाशीचे काम सुरू झाले. या संस्थेला १९२४ पासून 'इंपीरियल कॉलेज ऑफ ट्रॉपिकल ॲग्रिकल्चर' म्हणत. जमैकातही लवकरच असेच काम सुरू झाले. (आपल्याला हे बेट नायपॉल यांच्यामुळे ठाऊक असते. ज्या ऊसमळ्यांच्या आसमंतात 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' घडते, त्याच परिसरातली ही संस्था.)

पण बी नसलेल्या फळाचा संकर करायचा कसा? या प्रश्नातच पुढच्या तीस-चाळीस वर्षांची कथा आहे.

खाण्याच्या केळीत जे काळे ठिपके दिसतात ते कधीकाळच्या बियांचे अवशेष होत. रानकेळीच्या फळात मात्र कठीण, वाटाण्याएवढ्या बिया गच्च भरलेल्या असतात आणि गर नावापुरता. माणसाने हजारो वर्षांत निवडली ती झाडे दोन दोषांमुळे : परागण न होताही त्यांचे फळ गराने भरते, आणि त्यांत बी धरत नाही. वनस्पतीच्या दृष्टीने हे दोष, आपल्या दृष्टीने गुण. ग्रो मिशेलच्या बाबतीत वांझपणाला आणखी एक कारण आहे. केळीच्या गुणसूत्रांचा मूळ संच अकराचा. रानकेळीत असे दोन संच म्हणजे बावीस गुणसूत्रे असतात, ग्रो मिशेलमध्ये तीन संच, तेहतीस. जोड्या लागायच्या तर तीन हा आकडाच अडचणीचा.

तरीही निसर्गाच्या नियमांत फटी असतात. ग्रो मिशेलच्या फुलांवर रानकेळीचे पराग घातले तर क्वचित एखाद्या बीजांडात तेहतीसच्या तेहतीस गुणसूत्रे न विभागता उतरतात, त्यांना पित्याकडून अकरा मिळतात, आणि चव्वेचाळीस गुणसूत्रांचे एक बी तयार होते. पण अखंड घडामागे एखाद-दुसरेच. घडामागून घड हाताने परागित करायचे, पिकू द्यायचे, सगळा गर कुस्करून गाळायचा आणि बी शोधायचे. मिळालेले बी रुजेलच असे नाही, रुजले तर टिकेलच असे नाही, आणि टिकलेल्याचे फळ बाजारात चालेल याची तर शाश्वती नाहीच. या कामातून 'आयसी-१' 'आयसी-२' अशी रूक्ष नावे असलेले संकर निघाले. पुढे जमैकात 'बोडल्स अल्टाफोर्ट' निघाला. निर्यातीच्या बाजारात यांतल्या एकानेही ग्रो मिशेलची जागा घेतली नाही.

मात्र चांगला पिता शोधायचा तर केळीचे कुळ माहीत हवे, आणि तिथेच सगळा गोंधळ होता. तो गोंधळ घातला होता लिनियसने. हॉलंडमध्ये जॉर्ज क्लिफर्ड यांच्या बागेतल्या उष्णगृहात केळीला फुलोरा आणण्यात तो यशस्वी झाला आणि १७३६ मध्ये त्यावर त्याने एक पुस्तिकाच लिहिली. १७५३ मध्ये केळीचे नाव ठेवले 'मुसा पॅराडिसियाका', म्हणजे नंदनवनातली. १७५९ मध्ये दुसऱ्या एका केळीचे 'मुसा सेपिएंटम', म्हणजे ज्ञानी जनांची. पहिल्या नावात एदेनच्या बागेतले निषिद्ध फळ केळेच असावे या समजुतीची छाया आहे, दुसऱ्यात भारतातले ऋषी हे फळ खातात या ग्रीक-रोमन ऐकीव कथेची. विज्ञानाच्या नामकरणात किती साहित्य दडलेले असते याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. या नावांआधी जवळजवळ दोनशे वर्षे, १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या 'कोलोकियुश'मध्ये गार्सिया द ओर्ता याने 'भारतातल्या अंजिरां'वर म्हणजे केळ्यांवर संवाद लिहिला होता. ते फळ प्रत्यक्ष खाणाऱ्या आणि लोक त्याला काय म्हणतात ते विचारणाऱ्या माणसाचे हे लेखन. पण शास्त्राचा पाया घातला गेला तो काचेच्या घरातल्या एका झाडावर.

दोनशे वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन नावांखाली जगभरच्या केळी कोंबत राहिले, न बसल्या तर नवी लॅटिन नावे पाडत राहिले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम केलेल्या सुल्पिट्स कुर्त्स यांनी १८६०च्या दशकात शंका घेतली होती की खाण्याच्या केळीमागे एक नव्हे, दोन रानटी जाती असाव्यात. तिकडे कोणी लक्ष दिले नाही. सेंट ऑगस्टीनचे प्राध्यापक ई. ई. चीझमन यांनी १९४७ ते १९५० या काळात 'क्यू बुलेटिन'मधून लेखमाला लिहून हा ढिगारा उपसला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : रानात खरोखर असणाऱ्या, बियांपासून वाढणाऱ्या जाती म्हणजे 'मुसा अक्युमिनाटा' आणि 'मुसा बाल्बिसियाना'. खाण्याच्या बहुतेक केळी पहिलीपासून किंवा दोघींच्या संकरातून आल्या. लिनियसची नंदनवनातली आणि ज्ञानी जनांची केळ या जातीच नव्हेत, ही संकराची अपत्ये होत.

सिमंड्स १९४०च्या दशकात तरुणपणी या कामात आला. त्याने आणि केनेथ शेपर्ड यांनी १९५५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्याच नियतकालिकात (हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो) एक निबंध प्रसिद्ध केला. छापील पाने अवघी दहा-अकरा. त्यात त्यांनी पंधरा लक्षणे निवडली. खोडावर काळसर डाग आहेत की नाहीत. पानाच्या देठाची पन्हळ उघडी आहे की कडा मिटलेल्या. घडाचा दांडा लवदार की गुळगुळीत. केळफुलाची जांभळी पाने उघडताना मागे गुंडाळतात की नुसतीच उचलली जातात, त्यांचे टोक अणकुचीदार की बोथट, आतला रंग तळाकडे फिकट होतो की एकसारखा राहतो. फळाच्या कप्प्यात बीजांडांच्या ओळी दोन की चार. प्रत्येक लक्षण अक्युमिनाटासारखे असेल तर एक गुण, बाल्बिसियानासारखे असेल तर पाच, अधलेमधले असेल तर मधले. बेरीज पंधराच्या जवळ आली तर केळ शुद्ध अक्युमिनाटाची, पंचाहत्तरकडे झुकेल तितका बाल्बिसियानाचा वाटा अधिक. जोडीला गुणसूत्रांची मोजणी. मग वंशाचे सूत्र अक्षरांत मांडायचे : ए म्हणजे अक्युमिनाटाचा संच, बी म्हणजे बाल्बिसियानाचा. ग्रो मिशेल एएए. आपली बसराईही एएए. सफेद वेलची एबी. वसईकर जिची सुकेळी करतात ती राजेळी एएबी.

मराठीच्या प्राध्यापकाला या तक्त्याकडे पाहताना पाठचिकित्सा आठवल्याशिवाय राहत नाही. वि. सी. सुकथनकर यांनी १९२५ पासून भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन केले. तेव्हा त्यांच्यापुढे शेकडो हस्तलिखिते होती, उत्तरेची आणि दक्षिणेची परंपरा होती, आणि या परंपरा शतकानुशतके एकमेकींत मिसळलेल्या होत्या. युरोपीय पाठचिकित्सेत एका मूळ प्रतीपासून फांद्या काढीत वृक्ष मांडतात. महाभारताला तो साचा जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्यांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (१९३३) सविस्तर दाखवले. एखाद्या प्रतीत दोन्ही परंपरांचे पाठ किती आणि कुठे, हे पाठभेद तोलून ठरवावे लागते. केळफुलाच्या टोकाकडे बघणारा सिमंड्स आणि श्लोकातला पाठभेद नोंदणारा सुकथनकरांचा सहकारी यांची शिस्त एकच आहे : क्षुल्लक खुणांवर विश्वास, पण एकट्या खुणेवर नाही.

फरकही आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पाठचिकित्सक संकराच्या मागे जाऊन जितक्या जुन्या संहितेपर्यंत पोहोचता येईल तितके पोहोचू पाहतो. मिसळण त्याच्या लेखी अडथळा. केळीच्या बाबतीत मागे गेले तर मूळ सापडते, पण ते खाता येत नाही. दगडासारख्या बियांची दोन रानझाडे एवढेच तिथे आहे. मूल्यवान जे आहे ते मिसळणीनंतरचे. अक्युमिनाटा मलाया-इंडोनेशिया-न्यू गिनी या दमट पट्ट्यातली. तिच्या फळाला बियांवाचून भरण्याची खोड लागली, माणसाने तिला सोबत घेतले आणि ती पश्चिमेकडे, बाल्बिसियानाच्या मुलखात आली. बाल्बिसियाना काटक, कोरडा उन्हाळा सोसणारी. भारतातल्या एएबी आणि एबीबी केळींचे वैपुल्य या भेटीतून आले, असे सिमंड्सचे प्रतिपादन होते. सैद्धांतिक लेखनातली 'हायब्रिडिटी' सहसा प्रसवक्षम असते, ती नवे अर्थ जन्माला घालते. केळीचा संकर स्वतः काहीच जन्माला घालत नाही. तो टिकतो कारण कुणीतरी दर पिढीला मुनवा काढून लावत असते. हात थांबला की वाण संपला. संकराची ही दुसरी बाजू सिद्धान्ताने अजून तपासलेली नाही, असे मला वाटते.

१९५५च्या निबंधाचा आणखी एक परिणाम झाला, जो भाषेच्या माणसाने नोंदवलाच पाहिजे. लागवडीच्या केळींना लॅटिन जातिनामे देणे बंद करावे, वंशगट अक्षरांत सांगावा आणि पुढे वाणाचे नाव लिहावे, असे त्यांनी सुचवले. ही वाणांची नावे कुठली? पिसांग लिलिन, पिसांग अवक, नेय पूवन, नेंद्रन, म्हैसूर. म्हणजे मलय, तमिळ, मल्याळी माणसांनी परसात वापरलेली नावे शास्त्रीय संज्ञेच्या जागी आली आणि 'पॅराडिसियाका' अडगळीत गेली. अर्थात नावे आली, नावे ठेवणारे आले नाहीत. १९५०च्या दशकाच्या मध्यास सिमंड्सने आग्नेय आशिया आणि पॅसिफिक बेटांवर हिंडून केळी गोळा केल्या, त्या कुणाच्या ना कुणाच्या परसातूनच. कोणती केळ मरत नाही, कोणतीत अवचित बी निघते, हे ज्ञान त्या परसांतच होते. वसाहतीच्या विज्ञानाविषयी आपण घेतो तो आक्षेप इथेही लागू आहे. पण त्याच विज्ञानाने इथे स्वतःच्या मूळपुरुषाची नावे खोडली, हेही सांगितले पाहिजे. एका वाक्यात निकाल लावण्याजोगे हे प्रकरण नाही.

व्यापाराचे काय झाले ते लवकर सांगता येते. १९५०च्या दशकाअखेरीपासून कंपन्यांनी पैदाशीची वाट न पाहता ग्रो मिशेल सोडली आणि कॅव्हेंडिश गटाच्या केळी लावल्या. मूळची दक्षिण चीनकडची ही केळ मॉरिशसमार्गे इंग्लंडला गेली होती आणि १८३०च्या दशकात ड्यूक ऑफ डेव्हनशर, विल्यम कॅव्हेंडिश, यांच्या चॅट्सवर्थच्या काचघरात वाढली होती. पुन्हा काचघरच! पनामा रोगाला ती दाद देत नव्हती. साल पातळ असल्याने घडाऐवजी फण्या कापून खोक्यांत भराव्या लागल्या, एवढाच बदल. चाळीस वर्षांच्या जनुकशास्त्रापेक्षा पुठ्ठ्याचे खोके स्वस्त पडले. सिमंड्सने १९५९ मध्ये 'बनानाज' आणि १९६२ मध्ये 'द इव्होल्यूशन ऑफ द बनानाज' ही पुस्तके लिहिली. पुढे तो स्कॉटलंडला जाऊन बटाट्यात रमला. पिकांची पैदास करणारे थोड्याशा आवडत्या वाणांतच घोटाळत राहतात, त्यामुळे पिकाचा जनुकीय पाया अरुंद होतो, हे तो तिथेही सांगत राहिला.

कॅव्हेंडिशचे अभेद्यपण फार टिकले नाही. तैवानमध्ये १९६०च्या दशकाअखेरीस ती मरू लागली. त्याच बुरशीचे नवे रूप, आज ज्याला 'टीआर-४' म्हणतात, १९९०च्या दशकात मलेशिया-इंडोनेशियात पसरले, २०१३ मध्ये मोझांबिकमध्ये नोंदले गेले. २०१९ मध्ये ते कोलंबियातल्या ला ग्वाहिरा प्रांतात सापडले. मार्केसचे आराकाताका ज्या माग्दालेना प्रांतात आहे, त्याला लागूनच हा प्रांत आहे. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात ते आढळल्याचे निबंध त्याच सुमारास प्रसिद्ध झाले. जळगावच्या केळीपट्ट्यात बसराईनंतर ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली. दोन्ही कॅव्हेंडिशच, दोन्ही एएए. तिथला शेतकरी पानांवरच्या करप्याशी लढायला शिकला आहे, पण मातीतल्या मरशी लढण्याचे हत्यार त्याच्यापाशीही नाही.

२०१२ मध्ये अक्युमिनाटाच्या 'पहांग' या मलेशियन रानटी प्रकाराचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. नंतरच्या अभ्यासांत दिसले की ए आणि बी हे संचसुद्धा अखंड नाहीत. कित्येक वाणांत एकाचे तुकडे दुसऱ्यात बसलेले आहेत आणि अक्युमिनाटाच्या निरनिराळ्या उपजातींचे ठिगळही त्यांत आहे. म्हणजे सिमंड्सची अक्षरेही आता स्थूल ठरू लागली आहेत. सुकथनकरांना याचे नवल वाटले नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने टीआर-४ला तोंड देणारी एक जनुकबदल केलेली कॅव्हेंडिश लागवडीसाठी मंजूर केली. तिच्यात घातलेले प्रतिकाराचे जनुक मिळाले ते मलाया भागातल्या एका रानकेळीतून. त्या केळीच्या फळात बियाच बिया असतात.